गाण्याच्या मिक्सिंगचा दर कसा काढावा, कसा सांगावा आणि कसा वसूल करावा

मोठ्या म्युझिक कंपनीचा आधार नसताना गायकाने किंवा संगीतकाराने स्वतःच्या खिशातून खर्च करून तयार केलेली मराठी गाणी आता नेहमीची झाली आहेत. भावगीत असो, कोळीगीत असो, गणपतीचे गाणे असो की एखाद्या कॉलेजच्या बँडचे रॉक, त्याचे मिक्सिंग पुष्कळदा पुण्यातल्या, ठाण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या घरातल्याच एखाद्या खोलीत होते. ते करणाऱ्याला फोनवर पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘एका गाण्याचे किती घेता?’ हा. गाणे न ऐकता या प्रश्नाला दिलेले उत्तर जवळजवळ नेहमी चुकते. आकडा कमी निघाला तर इंजिनीअर रात्री जागून तोटा सोसतो आणि पुढे कामात हात आखडता घेतो. जास्त निघाला तर गायक दुसरीकडे जातो, आणि नेमके कशाचे किती पैसे सांगितले होते हे दोघांनाही कळत नाही.

बाजारात एका गाण्याचे दोन-तीन हजार रुपये घेणारे आहेत, तसेच लाखाच्या पुढे घेणारेही आहेत. या तफावतीत नावाचा, अनुभवाचा आणि खोलीचा वाटा आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की ‘मिक्सिंग’ म्हणून प्रत्येक जण वेगवेगळे काम विकत असतो. त्यामुळे बाजारभाव विचारत फिरण्यापेक्षा आपला दर आपल्या खर्चावरून आणि समोरच्या गाण्यावरून काढणे हाच खात्रीचा मार्ग आहे. हा लेख मुख्यतः स्वतंत्रपणे काम सुरू करणाऱ्या मिक्स इंजिनीअरसाठी लिहिला आहे, तरी पैसे देणाऱ्या गायक-संगीतकारांनाही तो वाचून आपण कशाचे पैसे देत आहोत हे समजेल. त्यातील हिशेबाचे आकडे रीत कळावी म्हणून घेतलेले आहेत. आपल्या गावातले भाडे आणि आपली गरज घालून प्रत्येकाने ते पुन्हा मांडावेत.

आधी कामाची हद्द आखा

गाणे तयार होताना आवाजावर निदान पाच प्रकारची कामे होतात. गायकाचे डबिंग आणि लाइव्ह वाद्यांचे ध्वनिमुद्रण हे पहिले. चांगले टेक निवडून जोडणे, श्वास आणि खटके (मुद्रणात आलेले टक्-टक् आवाज) काढणे, तालात सरकवणे हे एडिटिंग दुसरे. मेलोडाइनसारख्या साधनाने सूर सरळ करणे हे तिसरे. सगळे ट्रॅक, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांची वेगवेगळी मुद्रणे, एकमेकांशी बसवून गाणे एका स्टिरिओ फाइलमध्ये उतरवणे हे मिक्सिंग चौथे, आणि त्या फाइलला प्रसारणायोग्य पातळी व अंतिम घडण देणे हे मास्टरिंग पाचवे. खासगी गाण्यांत ही पाचही कामे एकाच माणसाकडे येतात आणि सगळ्यांना मिळून ‘मिक्सिंग’ म्हटले जाते. बहुतेक भांडणांचे मूळ इथेच असते. गायकाने सहा टेक पाठवून ‘यातले चांगले घ्या’ म्हटले, तर ते एडिटिंग आहे आणि त्याला स्वतंत्र वेळ लागतो. पाचही कामे तुम्हीच करणार असलात, तरी कोटेशनमध्ये त्यांच्या पाच ओळी वेगळ्या लिहाव्यात. एखादे काम सवलतीत करायचे असेल, तर ती ओळ गाळू नये. तिच्यापुढे सवलतीची रक्कम लिहावी, म्हणजे ते काम फुकटात होत नाही हे ग्राहकाच्या लक्षात राहते.

मास्टरिंगबद्दल माझे मत असे की शक्य असेल तेथे ते दुसऱ्या कानांकडे द्यावे. बजेट नसल्यामुळे तुम्हीच करणार असाल, तर मिक्स संपल्यावर निदान एक दिवस मध्ये जाऊ द्यावा आणि त्याचे शुल्क वेगळे लावावे.

चित्रपटातील गाण्याच्या बाबतीत हद्द आणखी स्पष्ट करावी लागते. गाण्याचा मिक्स आणि चित्रपटाचा अंतिम मिक्स ही निरनिराळी कामे असून संवाद, परिणामध्वनी आणि संगीत यांचा मेळ घालणारा मिक्सर बहुधा दुसराच असतो. त्याला तुमच्या गाण्याची एक स्टिरिओ फाइल पुरत नाही. गायन, कोरस, ताल, बेस, तंतुवाद्ये असे गट वेगवेगळ्या फाइलींत, ४८ किलोहर्ट्झवर द्यावे लागतात. हे गट काढून, एकत्र वाजवून, मूळ मिक्सशी ताडून पाहण्यात सहज दोन तास जातात आणि ते दरात धरले पाहिजेत.

आपल्या एका तासाची किंमत काढा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि त्यामुळेच चार वर्षांनी कॉम्प्युटर बदलायची वेळ आली की हातात पैसे नसतात.

प्रथम साधनांची बेरीज करावी. कॉम्प्युटर, ऑडिओ इंटरफेस, मॉनिटर स्पीकर, हेडफोन, प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची, आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअरे), हार्ड डिस्क आणि खोलीच्या भिंतींवरचे ध्वनिशोषक पॅनेल हे सगळे त्यात येते. समजा, त्याची किंमत ४,८०,००० रुपये झाली आणि ते सरासरी चार वर्षे टिकणार आहे; तर महिन्याला १०,००० रुपये केवळ साधनांची झीज म्हणून बाजूला पडायला हवेत. या यादीत सॉफ्टवेअरवर जेवढे बोलले जाते तेवढा त्याचा खर्च नसतो. रीपर या ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो आणि वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा अधिक उलाढाल असणाऱ्यांसाठी तो २२५ डॉलरला आहे. खरा पैसा खोलीवर घालावा. लहान चौकोनी खोलीत खालचे स्वर कोपऱ्यांत साचतात, एका जागी डग्गा दुप्पट ऐकू येतो आणि दोन फुटांवर तो नाहीसा होतो. अशा खोलीत केलेला मिक्स गाडीत लावला की उघडा पडतो आणि तो दुरुस्त करण्याचे तास तुमच्याच खिशातून जातात.

त्यानंतर महिन्याचा चालू खर्च मांडावा. समजा, खोलीचे भाडे १५,००० रुपये, वीज व इंटरनेट ४,०००, प्लगइनची वर्गणी आणि अद्ययावतीकरण ३,०००, प्रवास, फोन व हिशेबनीस ३,००० धरले. घर तुमचे असले तरी त्या खोलीचे भाडे हिशेबात धरावेच, कारण उद्या जागा बदलावी लागली तर दर एकाएकी वाढवता येत नाही. साधनांचे १०,००० मिळवून हे ३५,००० रुपये होतात. त्यात स्वतःचा घरखर्च, विमा, बचत आणि प्राप्तिकर यांसाठी ५५,००० धरले, तर महिन्याची गरज ९०,००० आणि वर्षाची १०,८०,००० रुपये होते.

आता तास. महिन्याला २५ दिवस आणि रोज आठ तास असे २०० तास तुम्ही काम करता असे धरा. पण त्या सगळ्यांचे बिल लागत नाही. फोन, फाइली मागवणे, बॅकअप, हिशेब, नवे काम शोधणे, शिकणे यांत निम्मा वेळ जातो. शिवाय एकसारखे लक्ष देऊन ऐकणाऱ्या कानांना दिवसात चार-पाच तासांपलीकडे नीट निवाडा करता येत नाही, ही शरीराची मर्यादा आहे आणि ती कितीही मेहनतीने ओलांडता येत नाही. म्हणजे बिलाचे तास महिन्याला १०० उरले. लग्नसराई, परीक्षा, पावसाळ्याचा आरंभ अशा कारणांनी काम मंदावते, म्हणून वर्षाला बारा नव्हे तर दहाच महिने भरून धरावेत. १०,८०,००० भागिले १,००० तास म्हणजे तासाला १,०८० रुपये. सोयीसाठी आपण १,१०० धरू.

हा आकडा दाराशी लावायचा नाही. तो तुमचा तळ आहे, आणि त्याच्या खाली गेलेले प्रत्येक काम तुम्ही स्वतःच्या पैशाने करता एवढे तो सांगतो.

ट्रॅक मोजू नका, ट्रॅक ऐका

पुष्कळ जण ‘२४ ट्रॅकपर्यंत इतके, ४८ पर्यंत इतके’ असा दर लावतात. ग्राहकाला तो समजायला सोपा जातो, पण आपल्याकडच्या संगीताला तो लागू पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. प्रोग्रॅमरने कॉम्प्युटरवर रचलेले साठ ट्रॅक स्वच्छ, तालात आणि आधीच बऱ्यापैकी तोललेले असू शकतात. याउलट एखाद्या भजनी मंडळाचे एकाच खोलीत केलेले ध्वनिमुद्रण घ्या. गायक, पेटी, पखवाज आणि टाळ असे सात-आठच ट्रॅक असतात, पण टाळांचा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरलेला असतो. गायकाचा आवाज उजळ करायला गेले की टाळ टोचू लागतात, पखवाजाला भार द्यायला गेले की पेटीचा भाता ऐकू येतो. तिथे एका ट्रॅकला हात लावणे म्हणजे सगळ्यांना हात लावणे असते. आठ ट्रॅकचे हे गाणे साठ ट्रॅकच्या गाण्यापेक्षा अधिक वेळ खाते.

म्हणून आकडा सांगण्याआधी सगळे ट्रॅक मागवावेत आणि पाऊण तास नुसते ऐकावे. फाइली २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात, सगळ्या गाण्याच्या आरंभापासून आणि एकाच लांबीच्या हव्यात. एमपी३ स्वीकारू नये. गाण्याचा टेम्पो, पट्टी आणि अरेंजरने (संगीत संयोजकाने) काढलेला कच्चा मिक्स सोबत मागावा. कच्चा मिक्स फार मोलाचा असतो, कारण संगीतकार महिनाभर तोच ऐकत आलेला असतो आणि त्यातले कोणते नाते त्याला प्रिय झाले आहे हे त्यावरून कळते.

ऐकताना काही गोष्टी मुद्दाम तपासाव्यात. तबला गाण्याच्या सुरात नीट मिळवलेला आहे का? नसेल तर ते दुखणे इक्वलायझरने जात नाही. डग्ग्याचा घुमारा, सिंथ बेस आणि किक ड्रम हे तिन्ही एकाच खालच्या पट्ट्यात दाटले आहेत का? नव्या धाटणीच्या लावण्यांत आणि गणपतीच्या गाण्यांत हे हमखास होते, आणि प्रत्येक ठेक्यावर कोणी पुढे यायचे व कोणी वाट द्यायची हे ठरवण्यात मिक्सचा मोठा वेळ जातो. ढोलकी एका माइकवर घेतली आहे की तिच्या दोन बाजू वेगळ्या आहेत? तानपुरा किंवा पॅड (सिंथचे लांबवलेले स्वर) संपूर्ण गाणेभर सारख्याच पातळीवर वाजत राहून शब्दांवर धूसरपणा आणतात का? गायक माइकच्या जवळ-दूर होत गायला आहे का? डबिंग पंख्याखाली किंवा रस्त्याकडच्या खोलीत झाले आहे का? यांपैकी ज्या दोषांवर उपाय पुन्हा गाऊन किंवा वाजवून घेणे हाच आहे, ते दोष काम घेण्याआधी लेखी कळवावेत. चांगला संगीतकार त्याबद्दल उपकारच मानतो.

ऐकून झाल्यावर तासांचा अंदाज कागदावर उतरवावा. चाळीस ट्रॅकचे, बऱ्या अवस्थेतले एक गाणे धरू. ट्रॅकना नावे देणे, क्रम लावणे आणि पातळ्या समान करणे यांस दीड तास, किरकोळ साफसफाईला दीड तास, प्रत्यक्ष मिक्सला चार तास, शब्दागणिक आवाज वरखाली करण्याच्या ऑटोमेशनला एक तास, दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी वेगवेगळ्या स्पीकरवर तपासायला अर्धा तास, दोन वेळच्या करेक्शनला मिळून एक तास आणि फाइली काढायला अर्धा तास, असे दहा तास होतात. १,१०० रुपये दराने हे ११,००० रुपये झाले. स्वच्छ घेतलेल्या गायन-पेटी-तबल्याच्या गाण्याला पाच तास लागत असतील तर ५,५००, आणि कोरस, व्हायोलिनचा ताफा व ताशासंबळ असलेल्या शंभराहून अधिक ट्रॅकच्या गाण्याला अठरा तास लागत असतील तर १९,८०० रुपये. पहिली काही गाणी होईपर्यंत प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ खरोखर लिहून ठेवावा, कारण स्वतःच्या वेगाबद्दल आपला अंदाज सहसा फार उदार असतो.

दर गाण्याला, तासाला की शिफ्टला?

ग्राहकाला सांगायचा दर गाण्याचा असावा. तासाचा दर सांगितला तर तो घड्याळाकडे पाहत बसतो, आणि तुमचा हात जसा बसत जाईल तसतसे तुमचे उत्पन्न मात्र कमी होते. तासाचा दर दोन ठिकाणी योग्य ठरतो. संगीतकाराला तुमच्या शेजारी बसूनच मिक्स करायचा असेल तेव्हा, आणि एडिटिंगचे प्रमाण आधी सांगता येत नसेल तेव्हा. मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये शिफ्टच्या हिशेबाने भाडे घेण्याची पद्धत आहे. मिक्स अशा भाड्याच्या खोलीत करायचा असेल, तर स्टुडिओचे भाडे ग्राहकाने थेट भरावे आणि तुमचे शुल्क त्याहून वेगळे राहावे.

अल्बमला सवलत देताना खरी बचत कुठे होते ते पाहावे. एकाच गायकाची, एकाच खोलीत मुद्रित झालेली आठ गाणी असतील तर पहिल्या गाण्याची घडी पुढच्या गाण्यांना उपयोगी पडते आणि १० ते १५ टक्के सवलत परवडते. आठ गाण्यांचे आठ अरेंजर असतील तर बचत शून्य आहे, मग सवलतही शून्य असावी.

कोटेशनमध्ये काय लिहावे

व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘ठीक आहे, करू’ हा करार नव्हे. एका पानाचे कोटेशन ईमेलने पाठवून त्यावर होकार मागवावा. त्यात गाण्याचे नाव, ट्रॅकची संख्या आणि कालावधी लिहावा, म्हणजे नंतर ‘आणखी थोडा कोरस घेतला आहे’ म्हणून वीस ट्रॅक वाढले तर ते वाढीव काम आहे हे आपोआप ठरते. काम कोणत्या तारखेला सुरू होईल हे सर्व फाइली आणि आगाऊ रक्कम मिळाल्याच्या दिवसापासून मोजावे.

कोणत्या फाइली दरात मिळतील ते स्पष्ट असावे. मुख्य मिक्स, गायनाविना मायनस ट्रॅक, आणि गायकाचा आवाज अर्धा ते एक डेसिबल वर घेतलेला पर्यायी मिक्स एवढ्या तीन गोष्टी मूळ दरात द्याव्यात, असे मला वाटते. मायनस ट्रॅक आपल्याकडे गायकाला लागतोच. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात, मंडळाच्या मंचावर, वाहिनीवरच्या मुलाखतीत तो त्यावरच गातो. गटागटांच्या वेगळ्या फाइली, नृत्यासाठी कापलेली आवृत्ती, रील्ससाठी तीस सेकंदांचा तुकडा यांना मात्र दर लावावा. तो लहान असला तरी चालेल, पण असावा.

मिक्सची पातळी हा वादाचा आणखी एक विषय आहे. मास्टरिंगला द्यायच्या मिक्सवर लिमिटर (आवाजाची टोके दाबणारे साधन) नसावा आणि वर तीन ते सहा डेसिबल मोकळी जागा असावी. पण तीच फाइल ग्राहकाला ऐकायला पाठवली की तो ती प्रसिद्ध गाण्याशेजारी लावतो आणि ‘आवाज लहान आहे’ अशी तक्रार करतो. म्हणून ऐकण्यासाठी तात्पुरती पातळी वाढवलेली प्रत वेगळी पाठवावी आणि तसे लिहावे. प्रसिद्ध झाल्यावर स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) या पातळीला आणून वाजवते, त्यामुळे गाणे दाबून मोठे केल्याचा तिथे फायदा होत नाही, उलट ठेक्याची धार जाते. हे दोन ओळींत समजावून सांगितले की बहुतेक संगीतकारांना पटते.

करेक्शनची मर्यादा

दरात करेक्शनच्या दोन फेऱ्या द्याव्यात आणि तिसरीपासून तासाचा दर लावावा. फेरी म्हणजे काय हेही लिहावे: गायक, संगीतकार, गीतकार आणि निर्माता या सगळ्यांची मते एकत्र करून, वेळेच्या खुणांसह एकाच यादीत पाठवलेल्या सूचना. ‘१ मिनिट १२ सेकंदांवर बासरी थोडी मागे’ ही सूचना आहे. ‘जरा फील येत नाहीये’ ही सूचना नाही, आणि तशी आली तर दुरुस्तीला बसण्याऐवजी फोन करून बोलावे. सूचना एकाच जबाबदार व्यक्तीकडून याव्यात अशी अट घालावी. निर्माता ढोल वाढवायला सांगतो, संगीतकार कमी करायला सांगतो, आणि त्या दोघांमधला वाद तुमच्या तासांवर चालतो, असे होऊ देऊ नये.

अमर्याद करेक्शनचे आश्वासन मी कोणालाही देऊ नका असे सांगेन, आणि ते केवळ पैशासाठी नव्हे. सातव्या-आठव्या फेरीपर्यंत सगळ्यांचेच कान मेलेले असतात आणि गाण्यात जे पहिल्या दिवशी जिवंत होते ते घासून गुळगुळीत झालेले असते. मर्यादा असली की माणसे लक्ष देऊन ऐकतात. इंजिनीअरची स्वतःची चूक, म्हणजे राहून गेलेला खटका किंवा चुकून बंद राहिलेला ट्रॅक, ही मात्र करेक्शनमध्ये मोजू नये. ती कधीही विनामूल्य दुरुस्त करावी.

फाइली सोपवल्यावर महिन्यांनी ‘एक शब्द बदलून गायलो आहे’ म्हणून गाणे परत येते. सेशन, म्हणजे मिक्सची मूळ सॉफ्टवेअर-फाइल आणि ट्रॅक, किती काळ जपून ठेवणार, समजा एक वर्ष, आणि ते पुन्हा उघडण्याचे किमान शुल्क किती, हे आधीच लिहून ठेवावे. तोवर दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती ठेवणे ही तुमची जबाबदारी आहे.

घाईचे काम

श्रावण लागला की गणपतीच्या गाण्यांची गर्दी होते आणि प्रत्येकाला चतुर्थीच्या बऱ्याच आधी गाणे हवे असते, कारण डिजिटल वितरकाकडे ते काही दिवस अगोदर पोचवावे लागते. नवरात्रापूर्वीही तेच. ठरलेली रांग मोडून काम करायचे असेल तर २५ ते ५० टक्के अधिक घ्यावेत. आधी आलेल्याचे काम मागे ढकलून ते करू नये; स्वतःच्या मोकळ्या वेळात बसत असेल तरच घ्यावे. जून-जुलैमध्ये फाइली देणाऱ्यांना नेहमीचाच दर राहील असे आपल्या नेहमीच्या ग्राहकांना वैशाखातच कळवले, तर गर्दीचा बराचसा भार आपोआप वाटला जातो.

डॉल्बी अ‍ॅटमॉसचा दर वेगळाच

अ‍ॅपल म्युझिकने २०२१मध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉसमधला, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज ऐकवणारा, स्पेशियल ऑडिओ सुरू केल्यापासून ‘अ‍ॅटमॉसपण करून द्या’ अशी मागणी होऊ लागली आहे. तो स्टिरिओ मिक्सचा जोडअंश नव्हे. त्यासाठी ७.१.४, म्हणजे एकूण बारा स्पीकरची खोली प्रमाण मानली जाते, अंतिम फाइल वेगळ्या स्वरूपाची असते आणि अ‍ॅपलची अट उणे १८ एलयूएफएसच्या वर न जाण्याची आहे. हेडफोनवर काम बरेच पुढे नेता येते, पण शेवटची तपासणी तशा खोलीत भाडे भरून करावी. ते भाडे आणि निदान एका दिवसाचे तास धरूनच आकडा सांगावा. प्रेक्षक मुख्यतः यूट्यूबवर असलेल्या गायकाला हा खर्च करू नका असा सल्ला देणेच प्रामाणिकपणाचे आहे.

पैसे, कर आणि थकबाकी

काम सुरू करण्याआधी निम्मी रक्कम आणि अंतिम फाइली देण्याआधी उरलेली, ही पद्धत सर्वांना सारखी लावावी, मित्रांनाही. मधल्या काळात ऐकायला एमपी३ प्रत द्यावी. पूर्ण दर्जाच्या फाइली पैसे जमा झाल्यावरच पाठवाव्यात.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. नोंदणी असेल तर शुल्कावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे ११,००० रुपयांच्या मिक्सचे बिल १२,९८० रुपयांचे होते. कोटेशनमध्ये ‘जीएसटी वेगळा’ असे लिहिले नसेल तर कराची रक्कम तुमच्याच खिशातून जाते. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावता येत नाही. ग्राहक कंपनी असेल आणि वर्षभराची रक्कम ठरावीक मर्यादेच्या पुढे जात असेल, तर ती व्यावसायिक शुल्कावर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापून उरलेली रक्कम देते. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते करून घेता येतात. मात्र आपल्या पॅनवर ते जमा दिसतात की नाही हे दर तिमाहीला पाहावे.

उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि ती जरूर करावी. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सेवा देणाऱ्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकते करणे ग्राहक उद्योगावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. प्रत्यक्षात व्याज वसूल करण्याची वेळ क्वचितच येते. बिलाखाली ही तरतूद नुसती छापलेली असली तरीही हिशेब विभाग लवकर हलतो.

परदेशातील मराठी गायक-संगीतकारांकडूनही काम येते. त्यांना दर त्यांच्या चलनात सांगावा, आणि हस्तांतराचा व चलनबदलाचा खर्च कोणाकडे हे लिहावे, कारण मध्यस्थ सेवा त्यात बरीच कपात करतात. जीएसटी नोंदणी असलेल्याला अशी सेवा निर्यात म्हणून शून्य दराने देता येते, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र, भरावे लागते आणि रक्कम परकीय चलनात आल्याचा बँकेचा दाखला जपावा लागतो.

हक्क आणि श्रेय

१९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा सुरक्षित केला. मिक्स इंजिनीअरला मात्र कायद्याने असा कोणताही वाटा मिळत नाही. अमेरिकेत २०१८च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने कलाकाराच्या लेखी संमतीवर मिक्स इंजिनीअरला डिजिटल रॉयल्टीतील काही भाग थेट मिळण्याची सोय झाली आहे. आपल्याकडे जे मिळेल ते करारातूनच. त्यामुळे ‘आत्ता पैसे नाहीत, गाणे चालले की टक्केवारी देतो’ हा प्रस्ताव आला, तर आधी तासाच्या तळाइतकी रक्कम रोख घ्यावी आणि त्यावरची टक्केवारी, ती कोणत्या उत्पन्नावर व किती वर्षे, हे सहीनिशी लिहून घ्यावे. श्रेयाची ओळही कोटेशनमध्येच लिहावी: यूट्यूबच्या वर्णनात आणि वितरकाच्या श्रेयनोंदीत नाव कसे यावे, ते अचूक स्पेलिंगसह. यासाठी ग्राहकाचा पैसाही खर्च होत नाही, आणि तुमचे पुढचे काम बहुतेक वेळा याच ओळीवरून येते.

बजेट कमी असेल तेव्हा

अकरा हजारांचे गाणे सहा हजारांत करा, अशी विनंती चांगल्या गायकाकडूनही येते आणि ती खरी असते. अशा वेळी दर न पाडता काम कमी करावे. एडिटिंग अरेंजरने करून द्यावे, ट्रॅक गट करून पंधरावर आणून पाठवावेत, करेक्शनची एकच फेरी असावी, तारीख तुमच्या सोयीची असावी. असे केल्यावर दहाऐवजी साडेपाच तास लागले, तर ६,००० रुपयांतही तुमचा १,०८० रुपयांचा मूळ तळ सुटत नाही. एखाद्या गाण्यावर जीव जडला म्हणून ते विनामूल्य करावेसे वाटले तर जरूर करावे; पण बिल पूर्ण रकमेचे काढून त्यावर संपूर्ण सवलत दाखवावी, म्हणजे पुढच्या गाण्याच्या वेळी बोलणे शून्यापासून सुरू होत नाही.

फुकट नमुना मिक्स मागणाऱ्यांना आधी केलेल्या कामाच्या कच्च्या आणि पक्क्या प्रती, त्या गाण्याच्या मालकाच्या परवानगीने, ऐकवाव्यात. त्यांच्याच गाण्याचा नमुना हवा असेल तर एका कडव्याचा करावा, त्याचे शुल्क घ्यावे आणि काम मिळाल्यास ते अंतिम बिलातून वजा करावे.

दर वाढवण्याची वेळ कॅलेंडरवरून ठरवू नये. पुढच्या सहा आठवड्यांची रांग सतत भरलेली राहू लागली, की नव्या ग्राहकांना १५ टक्क्यांनी वाढवलेला आकडा सांगायला सुरुवात करावी. जुन्या ग्राहकांना तीन महिने आधी लेखी कळवावे आणि सुरू असलेला अल्बम जुन्याच दराने पूर्ण करून द्यावा. वाढीनंतर दहापैकी दोन-तीन जण नाही म्हणतील, ते अपेक्षितच आहे. सगळेच लगेच हो म्हणत असतील, तर तासांचा हिशेब पुन्हा एकदा मांडून पाहावा.